मुरमाची वाट

बालाघाटाच्या डोंगररांगा दक्षिणेकडे उतरत उतरत जिथे मांजरेच्या काळ्या रानाला येऊन भिडतात, त्या केज तालुक्याच्या पट्ट्यात युसूफ वडगाव वसलेले आहे. आणि या गावाच्या शिवारातून निघणाऱ्या कोणत्याही जुन्या वाटेचा इतिहास सांगायचा झाला, तर राजे, सुभेदार आणि सरकारी खाती यांच्याकडे वळण्यापूर्वी पायाखालच्या जमिनीकडे पाहणे अगत्याचे आहे. या भागात नवी विहीर खोदायला घेतली म्हणजे जमिनीचे थर क्रमाने उलगडत जातात: वर काळी, चिकण माती; तिच्या खाली तांबूस किंवा पिवळसर मुरूम; त्याखाली पहारीने फुटणारा मांजऱ्या; आणि सर्वांच्या तळाशी सुरुंगाशिवाय जागचा न हलणारा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा दगड झिजून, कुजून त्याचा मुरूम झाला आणि मुरूम झिजून त्याची काळी माती झाली. नदीच्या अंगाला मातीचा थर खोल, टेकडीच्या अंगाला उथळ, आणि माळावर तर मुरूम उघडाच पडलेला, अशी या खोऱ्याची रचना आहे.

आता या रचनेचा वाटसरूच्या दृष्टीने काय अर्थ होतो ते पाहावे. काळी जमीन ज्वारी, हरभरा आणि करडई यांना माउलीसारखी असली तरी प्रवाशाची ती वैरीण आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृग बरसला की हीच जमीन फुगून, लोण्यासारखी मऊ होऊन, माणसाच्या पायाला, बैलाच्या खुराला आणि चाकाच्या धावेला अशी काही धरून ठेवते की मैलभर अंतराला प्रहर लागावा. मुरूम याच्या नेमका उलट वागतो. पाणी त्याच्या अंगावर थांबत नाही. पहिल्या दोन सरींनी तो दबतो, घट्ट बसतो, आणि उघडीप मिळताच तासाभरात चालण्याजोगा होतो. म्हणूनच या खोऱ्यातील जुन्या वाटांनी नदीकाठचा सरळ, सपाट आणि दिसायला सोपा मार्ग सोडून माळाच्या कडेकडेने, काळीच्या वर आणि डोंगराच्या खाली, मुरमाचा पट्टा धरून वळणे घेत जाणे पसंत केले. काळ्या रानातून जाणारी उन्हाळी वाट वेगळी आणि माळावरून जाणारी पावसाळी वाट वेगळी, असा भेद जुनी माणसे आजही करतात. तो कोणा अभियंत्याने केलेला नाही, बैलांनी आणि त्यांच्या मागे चालणाऱ्या माणसांनी शतकानुशतकांच्या अनुभवाने केलेला आहे.

या पट्ट्यावरून काय काय गेले, याची मोजदाद करणे कठीण. पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे व आग्नेयेकडे वाहत जाऊन, पुढे उत्तरेकडे मोठे वळण घेऊन सुमारे ७२४ किलोमीटरांच्या प्रवासाअंती गोदावरीला मिळते. आणि घाटावरचा अहमदनगराकडील मुलूख आणि बिदर, कंधार, तेलंगण यांकडील मुलूख जोडण्यास एवढी सोयीची नदीवाट दुसरी नव्हती. उत्तरेला धारूरचा किल्ला हा या भागाच्या दळणवळणाचा कुलूपबंद दरवाजा. १६३० ते १६३२ या वर्षांच्या भयंकर दुष्काळात, १६३१ साली, शाहजहानच्या आझमखान नामक सरदाराने तो घेतला, आणि पुढे मोगली दप्तरात त्या गावाचे नाव फतेहाबाद असे पडले. १७९५ च्या आरंभी निजाम अलीखान बिदरहून निघाला तो मांजरेच्या काठाकाठानेच वर सरकत मोहरीच्या घाटापर्यंत आला, आणि ११ मार्च रोजी खर्ड्याच्या रणात त्याची व मराठ्यांची गाठ पडली. तोफखाना, हत्ती, जनानखाना, बाजारबुणगे असा तो प्रचंड पसारा याच खोऱ्यातून लोटला असता उभ्या पिकांची काय दशा झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

फौजा मात्र दहा-वीस वर्षांतून एखादे वेळी जात. वाटेला वाटपण दिले ते लमाणांच्या तांड्यांनी आणि वंजाऱ्यांच्या लदणीने, म्हणजे बैलांच्या पाठीवरच्या मालवाहतुकीने. मीठ, धान्य, गूळ, तेलबिया अशा जिनसा गोणींत भरून शेकडो बैलांच्या पाठीवर लादायच्या आणि मजल-दरमजल करीत समुद्रकाठापासून तेलंगणापर्यंत न्यायच्या, हा त्यांचा पिढीजात उद्यम होता. आणि पाठीवर ओझे घेतलेल्या बैलाला रस्ता लागत नसल्यामुळे, लागते ते फक्त पाणी, चारा आणि पक्के पाऊल, त्यांचे मार्ग झऱ्यांवरून, पळसाच्या व धावड्याच्या विरळ रानांतून, शिंदीच्या बनांतून, नदीच्या उतारांवरून गेलेले असत. बीड जिल्ह्यात आज जागोजाग दिसणारे तांडे ही त्या प्रवासाची वस्ती होऊन बसलेली खूण होय. लदणी बुडाली ती चाकाने आणि रुळाने.

चाकाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण आज आपण ज्याला सनातन समजतो तो आऱ्यांच्या हलक्या चाकांचा छकडा दख्खनच्या या भागात फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इकडच्या गाड्या भरीव चाकांच्या, अवजड, अनेक बैल जुंपावे लागणाऱ्या अशा असत व त्या गावाच्या शिवेबाहेर क्वचितच पडत. १८३६ च्या सुमारास सोलापूरकडील टेंभुर्णी येथे मोजणी खात्यातील गेसफर्ड नावाच्या इंग्रज अंमलदाराने सुधारलेल्या गाड्या बनविण्याचा कारखाना काढला. सुतार-लोहारांनी तो नमुना उचलला, आणि एका पिढीत दोन बैलांची, लोखंडी धावेची गाडी दख्खनभर पसरली. तिच्या मागोमाग आली रेल्वे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ साली ती लातूरला पोहोचली. केज, अंबाजोगाई, कळंब या पट्ट्यातला शेतमाल मग बार्शीच्या आणि लातूरच्या पेठांकडे वाहू लागला. सुगी झाली की गाड्यांची माळच्या माळ रात्रीच्या गारव्यात निघायची; पहिल्या गाडीचा गाडीवान जागा, मागचे सारे घोंगडी पांघरून निजलेले, आणि बैल आपापल्या ओळखीने चालत असलेले.

या गाड्यांनी वाटेवर जी चाकोरी कोरली ती जवळून पाहिली पाहिजे. धावेचे लोखंड जेमतेम दोन बोटे रुंद. त्यावर दहा-बारा मणांचे ओझे. मुरमातला खडा त्या धावेखाली सापडला की चिरडून त्याची रेती व्हायची, रेती वाऱ्याने आणि पाण्याने जायची, आणि दर सुगीला चाकोरी बोटभर खोल व्हायची. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध बैलांच्या खुरांनी तुडवलेला पण चाकांच्या तावडीतून सुटलेला गवताचा वरंबा. दोन्ही कडांना तरवड, बोर, हिवर, घाणेरी यांची दाटी. आणि ठरावीक अंतरावर, विश्रांतीची जागा म्हणून राखलेला एखादा लिंब किंवा वड. जिथे जमीन कठीण तिथे चाकोरी उथळ, जिथे मऊ तिथे ती इतकी खोल की गाडीचा आख वरंब्याला घासावा. अशी खोल गेलेली, दोन्ही अंगांनी बांध आणि झाडी वर चढलेली वाट म्हणजेच पांदण. मराठवाड्यातल्या खेड्याचा अर्धा इतिहास या पांदणींच्या तळाशी आहे, असे मला वाटते.

निजामी अमलात या वाटांची सरकारदरबारी नोंद कशी झाली, हेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी करून मक्तेदारांच्या जागी तालुकदार, तहसीलदार अशी रीतसर अंमलदारांची उतरंड बसवली. त्यानंतर इंग्रजी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पैमाश सुरू झाली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. साखळी लांब आणि साखळी रुंद अशा चौरसाचा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. याच साखळीने वाटाही मोजल्या गेल्या. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविण्याचा प्रघात आहे. त्यांत गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव साखळी, हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या शेतकऱ्याला तहसिलीत विचित्र वाटणारे हे अपूर्णांक कुठून आले त्याचा उलगडा होतो.

नोंद झाली म्हणून निगा झाली असे मात्र नव्हे. जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होई, आणि त्यातून शाळा, दवाखाने व रस्ते व्हावेत अशी अपेक्षा होती. परंतु तामीरातच्या, म्हणजे बांधकाम खात्याच्या, कारभाराचा ओघ मुख्य ठिकाणांना जोडणाऱ्या सडकांकडेच राहिला. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी १९०३ पर्यंत असल्यामुळे तिकडे जाणाऱ्या सडकेला महत्त्व होते. बाकीच्या गावांत, साहेबाचा दौरा निघणार अशी वर्दी आली की पाटील-पटवाऱ्यांनी बिगारी लावायचे, खड्ड्यांत मुरूम टाकायचा, ओढ्याचा उतार छाटून सारखा करायचा, आणि दौरा गेला की पुढल्या दौऱ्यापर्यंत वाट आपली आपण. बिनमोल श्रमांची ही वेठ ज्यांच्यावर पडली ते बहुधा गावकुसाबाहेरचे लोक होते, आणि ज्या रस्त्याला त्यांनी मुरूम घातला त्या रस्त्यावर ताठ मानेने चालण्याचीही त्यांना अनेकदा मुभा नव्हती; हे न सांगता या वाटांचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, आणि पुढे राज्यघटनेने वेठीचा तो अध्याय कायद्याने मिटवला.

अशा या चाकोऱ्यांवर सायकल आली.

इंग्लंडात १८८५ साली स्टार्ले याने दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल बाजारात आणली आणि १८८८ साली डनलॉपने हवेची धाव काढली. तेथपासून ती हिंदुस्थानच्या बंदरांत पोहोचायला दहा वर्षेही लागली नाहीत. निजामी खेड्यांत मात्र ती फार सावकाश शिरली. परमुलखातून येणाऱ्या जिनसांवर हैदराबाद संस्थानाची करोडगिरी, म्हणजे जकात, बसत असे, आणि बार्शी ही इंग्रजी मुलखातली पेठ असल्यामुळे तिकडून येणाऱ्या मालाची संस्थानच्या नाक्यावर झडती होई. बीएसए, रॅली, हम्बर ही नावे त्या काळी घोड्याच्या जातीसारखी उच्चारली जात. पहिल्या सायकली वकिलांच्या, डॉक्टरांच्या, सावकारांच्या, क्वचित एखाद्या मास्तराच्या. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिसचा कारखाना निघाला, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलास, पुढल्या वर्षी लुधियान्याला एव्हन आणि असनसोलला सेन-रॅली, आणि १९५६ मध्ये लुधियान्याची हिरो. आणि मग सायकल खऱ्या अर्थाने खेड्यात आली. ग्रामसेवक, पोस्टाचा शिपाई, देवीची लस टोचणारा, दुधाच्या किटल्या लटकवून डेअरीकडे निघालेला गवळी, कॅरिअरला पेटी बांधून बाजाराला निघालेला कासार, बर्फाची पेटी लादलेला गारेगारवाला, लग्नपत्रिका वाटत फिरणारा वरबाप, या साऱ्यांची ती सोबतीण झाली.

या सायकलीचे चाक अठ्ठावीस इंची आणि धाव दीड इंची. वीस किलोंच्या वर वजन, एकच गिअर, ब्रेक लोखंडी दांड्यांचे. माळावरच्या मुरमावर ती कशी चालवायची याचे एक शास्त्रच होते. चाकोरीत चाक घातले की हँडल सैल धरायचे, कारण चाकोरी स्वतःच चाकाला नेते. बाहेर पडायचे झाले तर भिंत जिथे ढासळली आहे तिथेच पडायचे, एरवी आडवे व्हायचे नक्की. उताराला मुरमाचे सुटे खडे चाकाखालून छर्ऱ्यांसारखे सटकतात, म्हणून पुढचा ब्रेक विसरायचा. ओढ्यात पाणी वाहते असेल तर उतरून सायकल ढकलावी. आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ती खांद्यावर घ्यावी. काळ्या रानात एक सर पडून गेली की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल असा काही दाटतो की चाक फिरायचे थांबते. म्हणून जाणता माणूस कॅरिअरला तुरीची एक काडी खोचून ठेवी आणि दर शंभर पावलांवर उतरून चिखल कोरून काढी. बाभळीचा काटा आणि सराटा हे बारमाही शत्रू. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवून बुडबुडा शोधायचा, कानशीने घासायचे, जुन्या ट्यूबचा तुकडा सोल्युशनने चिकटवायचा, आणि मग तोच दुकानदार चाक उलटे करून तारा पिळत आऊट काढायचा. दर आठवडी बाजाराच्या गावी असा एक तरी कारागीर असे, आणि गावातल्या सगळ्या बातम्या त्याच्या घमेल्याभोवती जमत.

मुले शिकायची ती भाड्याच्या सायकलीवर, तासाच्या हिशेबाने. पाय पुरत नसल्यामुळे दांडीखालून पाय घालून कैची मारीत. गुडघे फुटायचे ते मुरमावरच, आणि मुरमाचा तो तांबडा खडा गुडघ्याच्या कातडीखाली राहून गेलेली माणसे आजही गावोगाव सापडतील. अंबाजोगाईची योगेश्वरी शिक्षण संस्था, जिच्या विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, तिच्यासारख्या संस्थांनी मराठवाड्याच्या या कोपऱ्यात शिक्षणाची भूक निर्माण केली; आणि पुढल्या पिढ्यांत ती भूक भागविण्यासाठी आठ-दहा मैलांवरच्या हायस्कुलात रोज जाऊन येणे ज्या वस्तूने शक्य केले ती ही काळी, जड, न मोडणारी सायकल होय. कोणत्याही शैक्षणिक अहवालात तिचा यथोचित उल्लेख नाही, याची मला खंत आहे.

मग १९७२ आला. मराठवाड्यात ज्याने तो दुष्काळ पाहिला तो माणूस सालाचे नाव घेताना अजून आवाज खाली आणतो. आधीच्या दोन वर्षांचा पाऊस तुटलेला, विहिरी आटलेल्या, जनावरे मातीमोलाने विकलेली. खायला तांबड्या मिलोच्या भाकरी आणि मुलांना सुकडी. सरकारने दुष्काळी कामे काढली, आणि ती बहुतांशी दोन प्रकारची होती: पाझर तलाव आणि रस्ते. लाखो माणसे, त्यांतही बायका मोठ्या संख्येने, टोपल्यांतून मुरूम वाहू लागली आणि हातोड्यांनी खडी फोडू लागली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीत मुरूम. बिगाऱ्याच्या हाताखाली चौकड्यांचे माप, हप्त्याला पगार, पगारासाठी मस्टरवर अंगठा. झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत मूल. या कामांतून निघालेला अनुभव वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला बळ देऊन गेला. १९७७ साली विधिमंडळाने त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे राज्याचे कायदेशीर कर्तव्य आहे असे मान्य करणारा हा कायदा भारतातला पहिला, आणि पुढे २००५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याचा तोच पूर्वज.

केज, अंबाजोगाई, धारूर या तालुक्यांत जे मुरमाचे जोडरस्ते ऐंशीच्या दशकापर्यंत दिसत होते, त्यांतले कितीतरी या हातांनी बांधलेले आहेत. वर डांबर आले, पुन्हा उखडले, पुन्हा आले. तळाशी अजून तोच मुरूम आहे. रस्ता बांधणारांची नावे फक्त मस्टरांवर होती, आणि मस्टरे नियमाप्रमाणे रद्दीत गेली.

दुष्काळाच्या त्याच दशकात खोऱ्याचा नकाशाच बदलला. युसूफ वडगावच्या पंचक्रोशीत, धनेगाव येथे मांजरेवर मातीचे मोठे धरण उभे राहिले आणि १९८० च्या सुमारास त्यात पाणी साठू लागले. जी काळी जमीन बुडाली तिच्यासोबत नदीकाठच्या वाटा, पांदणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे उतार बुडाले. बीड आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांची माणसे ज्या उतारांवरून एकमेकांच्या सोयरिकीला आणि बाजाराला जात त्यांच्यावर पाणी आले. लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब यांना पिण्याचे पाणी मिळाले, उसाचे मळे झाले. हा लाभ मोठा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मात्र हेच धरण कोरडे पडले, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. दुसरीकडे, पाणी नसलेल्या माळावरची माणसे दर दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात. त्यांच्या गाडीला आता लोखंडी धाव नाही, रबरी टायर आहे, आणि ती टायरगाडी चाकोरी कोरत नाही. परंतु मुकादमाच्या उचलीत अडकलेला तो प्रवास लदणीच्या प्रवासापेक्षा सुखाचा झाला आहे, असे म्हणण्याची माझी छाती होत नाही.

मोटारसायकल आली आणि सायकल भिंतीला टेकली. ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. बैल गेल्यावर पांदणीची गरज कमी झाली असे काहींना वाटले, आणि दोन्ही बाजूंच्या नांगरांनी दर वर्षी वीतभर आत सरकत एकवीस फुटांचा गाडीमार्ग आठ फुटांवर, आठ फुटांचा पायमार्ग बांधावर, आणि बांध तुरीच्या ओळीत आणून सोडला. आज तहसिलीत सर्वाधिक चिघळलेले तंटे जर कोणते असतील तर ते रस्त्याचे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमाने वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करण्याचा आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून जाण्या-येण्याचा हक्क ठरविण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना काढली, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. उपाय योग्य आहे. परंतु पांदण मोकळी करताना जेसीबीने दोन्ही कडांची झाडी मुळासकट उपटून, वर दोन ट्रॉल्या पिवळा, मातकट मुरूम पसरून, बाजूची चर न काढता काम पुरे झाल्याचा दाखला देणे, हा प्रकार मी जागोजाग पाहिला आहे, आणि तो मला मान्य नाही. चर नसलेला मुरूम एका पावसाळ्यात काळीत मिसळून जातो, हे खोऱ्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्या गाडीवानाला विचारले असते तर त्याने फुकट सांगितले असते.

या साऱ्या काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते ते पाहिले म्हणजे आपल्या या उपेक्षित वाटांकडे निराळ्या दृष्टीने बघावेसे वाटते. इंग्लंडात १८८६ साली सायकलस्वारांनीच रस्तेसुधारणेसाठी संघटना काढली होती. गुळगुळीत सडका ही त्यांचीच मागणी. त्या सडका झाल्या, त्यांच्यावर मोटारींनी कब्जा केला, आणि सायकलस्वार पुन्हा कच्च्या वाटांकडे वळला. इटलीत सिएना प्रांतातल्या पांढऱ्या खडीच्या ग्रामीण रस्त्यांवर डांबर चढू लागले, तेव्हा गायोले गावच्या जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ साली जुन्या सायकलींचा एक मेळावा भरवला. हेतू एवढाच, की या रस्त्यांचे मोल लोकांना कळावे आणि ते आहेत तसे राहावेत. तो मेळावा जगप्रसिद्ध झाला, २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत होऊ लागली, आणि ज्या वाटा मागासलेपणाचे लक्षण समजल्या जात त्या प्रांताचे भूषण ठरल्या. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या चकमकीच्या दगडाच्या टेकड्यांमधून २००६ पासून दोनशे मैलांची खडीवरची शर्यत होते. या छंदाला आता ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात, आणि २०२२ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. त्यासाठी खास सायकली निघाल्या आहेत; त्यांच्या धावेची रुंदी साधारण चाळीस मिलिमीटर असते. आमच्या गवळ्याच्या दीड इंची टायरची रुंदी अडतीस मिलिमीटर होती. मुरमाला कोणती धाव मानवते हे त्या काळ्या सायकलीने पुष्कळ आधी सिद्ध केले होते.

मांजरेचे खोरे या दृष्टीने दरिद्री नाही. उगमाजवळ, पाटोदा तालुक्यात, १९९४ साली जाहीर झालेले नायगावचे मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरांचे ते काटेरी, पानगळीचे रान, जिथे खैर, धावडा, आपटा आणि सीताफळ यांच्यामधून मोरांच्या केका ऐकू येतात. बालाघाटाच्या उतारांवर सीताफळाची बने आहेत, ज्यांच्या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अंबाजोगाईच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांचे स्थान आहे. धारूरचा किल्ला आहे. नदीकाठाला करंज आणि उंबर अजून तगून आहेत, आणि धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात परदेशी पाखरे उतरतात. हे सारे जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा नकाशावर आहेत; त्यांतल्या निम्म्याअधिक अजून जमिनीवरही आहेत. आणि चालविणारेही आहेत: मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या १२५ मागास तालुक्यांमधल्या शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात, आणि सकाळी दप्तर कॅरिअरला लावून जोडीजोडीने शाळेकडे निघालेल्या मुली हे मराठवाड्यातले नित्याचे दृश्य झाले आहे. पर्यटकाची वाट पाहण्यापूर्वी या मुलींची वाट नीट करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाला जोडणारा मुख्य रस्ता डांबरी किंवा सिमेंटचा अवश्य व्हावा; आजारी माणसाला आणि बाळंतिणीला खडीचे कौतुक सांगणे निर्दयपणाचे आहे. परंतु शिवेवरच्या, माळावरच्या, शेताशेतांना जोडणाऱ्या वाटा चांगल्या तांबड्या मुरमाच्या, दोन्ही अंगांना चर असलेल्या आणि झाडांच्या सावलीतल्याच राहिल्या पाहिजेत. त्या कमी खर्चात होतात, गावातल्याच हातांना काम देतात, आणि पाणी जमिनीत मुरू देतात.

वाचकांपैकी ज्यांचे मूळ गाव या खोऱ्यात किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही खोऱ्यात असेल त्यांना एकच विनंती आहे. तालुक्याच्या भूमिअभिलेख कार्यालयात अर्ज करून आपल्या गावच्या नकाशाची नक्कल काढावी. ती अल्प शुल्कात मिळते. तिच्यावरच्या दुहेरी आणि एकेरी तुटक रेषा शोधाव्यात, आणि पेरणीपूर्वी, रान मोकळे असताना, त्या रेषांवरून स्वतः सायकलने किंवा पायी जाऊन यावे. जिथे वाट बंद झालेली दिसेल तिथे आधी त्या शेतकऱ्याशी बोलावे, ग्रामसभेत विषय घ्यावा, आणि मगच तहसिलीची पायरी चढावी. मात्र मामलेदार न्यायालयाकडे दाद मागायची असेल तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते, हे विसरू नये.